दोन दारांचा संगणक

वाड्याला जशी पुढचे आणि मागचे अशी दोन दारे असतात, तशी लिनक्स चालणाऱ्या संगणकाला दोन नेटवर्क कार्डे बसवता येतात. गंमत अशी, की पत्ता संगणकाला नसून प्रत्येक कार्डाला वेगळा द्यावा लागतो.

समजा, १९२.१६८.१.१ या पत्त्याचे कार्ड प्रयोगशाळेतील संगणकांना जोडले आहे आणि १०.०.०.२ हे इंटरनेटकडे नेणाऱ्या राउटरला. यातील पहिले तीन आकडे जाळ्याचे, शेवटचा त्या जाळ्यातील कार्डाचा.

निरोप कोणत्या दाराने धाडायचा? त्यासाठी संगणक मार्गांचे कोष्टक पाहतो. १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता पहिल्या दाराने जातो. ज्या पत्त्याची कोष्टकात नोंद नाही, तो 'डिफॉल्ट' मार्गाने राउटरकडे.

आमच्या प्रयोगशाळेत एकदा हा डिफॉल्ट मार्ग चुकून पहिल्या दाराने लिहिला गेला. शेजारच्या संगणकांशी बोलणे सुरळीत, बाहेरचे सारे बंद! दुपारभर आम्ही तारा तपासल्या. दोष एका ओळीत होता.

'आयपी रूट' ही आज्ञा दिली की हे कोष्टक पडद्यावर उमटते. शिक्षकांच्या मदतीने ते वाचा आणि डिफॉल्ट दार कोणते, ते शोधा.