राज्यशास्त्राची परदेशी पदवी : आधी प्रश्न, मग प्रवेश

परदेशात शिकायला जाणे ही गोमंतकीय घरांना आता नवी गोष्ट राहिलेली नाही. अभियांत्रिकी, संगणकशास्त्र किंवा व्यवस्थापन यांसाठी कोणता देश निवडावा, कर्ज किती काढावे, पुढे नोकरी कोणती मिळेल, याचे ठोकताळे बहुतेकांना ठाऊक असतात. राज्यशास्त्रात एम.ए. करण्यासाठी परदेशी जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र हे ठोकताळे फारसे उपयोगी पडत नाहीत. अध्यापन, संशोधन, पत्रकारिता, धोरणनिर्मिती, प्रशासन अशा अनेक वाटा या पदवीने खुल्या होतात. परंतु त्यांपैकी कोणत्याही वाटेवर ठरावीक वेतनाची हमी नसते. घाईने निवडलेल्या अभ्यासक्रमाची किंमत त्यामुळे कुटुंबाला पुढे कित्येक वर्षे हप्त्यांच्या रूपाने मोजावी लागते. ती टाळायची असेल तर निवडीचा क्रम बदलायला हवा. आधी अभ्यासाचा प्रश्न ठरवावा, मग त्याला साजेसा अभ्यासक्रम शोधावा, आणि देशाचे नाव त्यानंतर यावे.

अर्जात काय पाहिले जाते?

गुणपत्रिका, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण, दोन किंवा तीन शिफारसपत्रे आणि उद्देशपत्र, म्हणजेच ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’, ही अर्जाची नेहमीची कागदपत्रे. काही विद्यापीठे लेखनाचा नमुनाही मागतात. गुण आणि परीक्षा यांमुळे अर्ज विचारात घेतला जातो; सारख्याच गुणांच्या अनेक अर्जांतून निवड करताना मात्र उद्देशपत्राचे वजन वाढते. ‘मला लहानपणापासून राजकारणाची आवड आहे’ किंवा ‘आपले विद्यापीठ जगप्रसिद्ध आहे’ अशा वाक्यांतून निवड समितीला काहीही कळत नाही. या विद्यार्थ्याला नेमके काय शोधायचे आहे, त्यासाठी त्याने आजवर काय वाचले आहे आणि आमच्याकडचे कोणते प्राध्यापक किंवा कोणता विषय त्याच्या उपयोगी पडेल, हे तिला जाणून घ्यायचे असते.

असा प्रश्न शोधायला गोमंतकीय विद्यार्थ्याने दूर जाण्याची गरज नाही. 16 जानेवारी 1967 रोजी झालेल्या जनमत कौलात संघप्रदेशाच्या बाजूने 1,72,191 आणि विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 मते पडली. एखाद्या प्रदेशाचे भवितव्य थेट मतदानाने ठरणे ही तुलनात्मक राजकारणाच्या अभ्यासकांना आजही महत्त्वाची वाटणारी घटना आहे. पक्षांतराचेही तसेच. जुलै 2019 मध्ये काँग्रेसच्या दहा आमदारांनी आणि सप्टेंबर 2022 मध्ये आठ आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. दोन्ही वेळा दोन-तृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाची तरतूद कळीची ठरली. चाळीस सदस्यांच्या सभागृहात दोन-तृतीयांशांचा आकडा गाठणे मोठ्या विधानसभेपेक्षा सोपे असते का? सरासरी तीस हजारांहूनही कमी मतदारांच्या मतदारसंघात पक्षनिष्ठा आणि व्यक्तिनिष्ठा यांचे नाते कसे बदलते? असे प्रश्न नेमके मांडणारा अर्ज लक्ष वेधून घेतो, कारण त्यांची उत्तरे लहान सभागृहे असलेल्या इतर प्रदेशांशी तुलना करूनच मिळू शकतात.

या परंपरेला मोठा आधार आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात राज्यशास्त्र शाखेत दाखल झाले. मे 1916 मध्ये तेथील मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी वाचलेला निबंध भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांविषयी होता. अभ्यासाची साधने त्यांनी परदेशातून घेतली; प्रश्न मात्र त्यांच्या स्वतःच्या समाजाचा होता.

देशागणिक बदलणारे गणित

ब्रिटनमध्ये एम.ए. किंवा एम.एससी. साधारणतः एका वर्षात पूर्ण होते आणि तीन वर्षांची भारतीय पदवी तेथे सर्वसाधारणपणे चालते. वेळ वाचतो, पण शुल्क जड असते; लंडनमधील काही नामांकित संस्थांचे केवळ शुल्कच तीस लाख रुपयांच्या पुढे जाते. शिक्षणानंतर कामासाठी मिळणारी दोन वर्षांची मुदतही 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी अठरा महिन्यांवर येत आहे. नोकरी करून कर्ज फेडू, असा हिशेब मांडणाऱ्यांनी हा बदल ध्यानात घ्यावा.

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्रासाठी 1,500 युरो भरावे लागतात. राज्यशास्त्रासाठी नावाजलेली मानहाइम आणि कॉन्स्टान्झ ही विद्यापीठे याच राज्यात आहेत. शुल्क नसले तरी राहण्याखाण्याच्या खर्चासाठी वर्षाला 11,904 युरो विशेष खात्यात आधीच ठेवून दाखवावे लागतात. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर 2022 पासून कागदपत्रांच्या पडताळणीचे ‘एपीएस’ प्रमाणपत्रही आवश्यक झाले आहे. याशिवाय, पदवीला राज्यशास्त्र आणि संशोधनपद्धती यांचे किती श्रेयांक पूर्ण केले, हे येथे काटेकोरपणे तपासले जाते. संख्याशास्त्राचा एखादा अभ्यासक्रम पदवीच्या काळातच करून ठेवलेला बरा.

अमेरिकेची रीत वेगळी आहे. तेथील अनेक विद्यापीठे पदवीनंतर थेट पीएच.डी.ला प्रवेश देतात आणि त्यासाठी शुल्कमाफीसह निर्वाहभत्ताही देतात. नुसत्या एम.ए.ला असे साहाय्य क्वचितच मिळते. संशोधनातच आयुष्य घालवायचे ठरले असेल, तर अमेरिकेत महागड्या एम.ए.ऐवजी थेट पीएच.डी.चा विचार करणे शहाणपणाचे ठरते.

पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग असलेल्या गोमंतकीय कुटुंबांत येथे एक प्रश्न हमखास उपस्थित होतो. युरोपीय संघाच्या नागरिकाला जर्मनीत व्हिसा लागत नाही आणि संघातील देशांत शुल्काची सवलत मिळते, हे खरे. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यामुळे तेथे मात्र हा लाभ उरलेला नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, आणि भारतीय नागरिकांसाठी असलेल्या शिष्यवृत्त्याही त्यासोबत हातच्या जातात. एका पदवीसाठी हा निर्णय घेण्याआधी दोन्ही पारडी नीट तोलून पाहावीत.

पैशाची तजवीज

ब्रिटनची ‘चेवनिंग’ शिष्यवृत्ती संपूर्ण खर्च उचलते. परंतु त्यासाठी किमान दोन वर्षांचा कार्यानुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. जर्मनीची ‘हेल्मुट श्मिट’ शिष्यवृत्ती सार्वजनिक धोरण व सुशासन या विषयांसाठी आहे. ‘इरास्मुस मुंडुस’च्या संयुक्त अभ्यासक्रमांत दरमहा 1,400 युरो मिळतात आणि दोन-तीन देशांत शिकता येते.

केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. अनुसूचित जमातींसाठी वेगळी योजना आहे. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे विशेष सावध असावे. 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पहिल्या योजनेतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले होते. त्यामुळे अर्जाच्या वर्षी लागू असलेली तत्त्वे मुळातून वाचावीत. राज्य पातळीवर मनोहर पर्रीकर यांच्या नावाची गोवा स्कॉलर्स योजना आणि गोवा शिक्षण विकास महामंडळाचे बिनव्याजी कर्ज उपलब्ध आहे. त्यांतील रहिवासाच्या व उत्पन्नाच्या अटी, तसेच परदेशी अभ्यासक्रमांविषयीचे नियम अधिसूचनेतून तपासून घ्यावेत.

वर्षभर आधीची सुरुवात

सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होणार असतील, तर तयारी आदल्या वर्षीच्या जून-जुलैत सुरू व्हायला हवी. चेवनिंगची मुदत साधारणतः ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपते, म्हणजे विद्यापीठांचे बरेचसे प्रवेश ठरण्यापूर्वीच. इरास्मुसचे अर्ज बहुधा ऑक्टोबर ते जानेवारीच्या दरम्यान भरावे लागतात. शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना किमान महिनाभर आधी सांगावे आणि उद्देशपत्राचा मसुदाही त्यांच्या हाती द्यावा. त्याशिवाय त्यांचे पत्र ‘विद्यार्थी हुशार व नम्र आहे’ यापलीकडे जात नाही. ब्रिटनच्या व्हिसासाठी दाखवायची रक्कम सलग 28 दिवस खात्यात असावी लागते, हेही अनेकांना ऐनवेळी कळते.

अर्ज करण्यापूर्वी विद्यार्थ्याने एका कागदावर आपला प्रश्न दोन वाक्यांत लिहून पाहावा. तो लिहिता येत नसेल, तर एखादे वर्ष येथेच वाचनात, पंचायतीच्या वा संस्थेच्या कामात घालवणे हिताचे. तो काळ वाया जात नाही, उलट अनुभव म्हणून अर्जात जमेस धरला जातो. आणि तो लिहिता आला, तर देश, विद्यापीठ व शिष्यवृत्ती यांची यादी त्या दोन वाक्यांच्या आधारे बरीच आटोपशीर होईल.