चुंगकिंगहून निघालेली मोटार

भैय्या चौकातल्या कोटणीस स्मारकात पाहुण्यांना घेऊन गेलो की ते फोटोंपाशी रेंगाळतात. माझं मन मात्र एका रस्त्यावर अडतं.

1 सप्टेंबर 1938 ला पाच भारतीय डॉक्टर मुंबईहून बोटीने चीनला निघाले. त्यांत आपल्या सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, वय 27. चुंगकिंगमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली. परतले असते तर कोणी नाव ठेवलं नसतं. बदलीच्या गावी मलाही अशी तार आली होती. मिळेल त्या गाडीने मी घर गाठलं. कोटणीस उत्तरेकडच्या मोटारीत बसले!

जानेवारी 1939, ऐन थंडी. वाटेत छिनलिंगचे डोंगर, शियाननंतर घळींनी फाटलेलं पिवळ्या मातीचं पठार. आपला हिवाळा एका सोलापुरी चादरीत भागतो हो! फेब्रुवारीत येनान आलं. तिथे माणसं डोंगरात कोरलेल्या गुहांत राहत, रुग्णांवर उपचारही तिथेच चालत.

पाचांपैकी चौघे मायदेशी परतले. कोटणीस 9 डिसेंबर 1942 ला तिथेच अपस्माराने गेले. मुलगा तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता. त्याचं नाव यिनहुआ; यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.