कामाच्या घरातल्या कोंबड्या

पूर्वी आपल्या गावात घरोघरी कोंबड्या होत्या, असे माझी आजी सांगते. नंतर चाकणची एम. आय. डी. सी. वाढत वाढत आपल्या शिवेला लागली. रानाच्या जागी कंपन्या आल्या आणि परसाच्या जागी भाड्याच्या खोल्या आल्या. कोंबड्या कमी झाल्या. लोक म्हणतात, "सगळी कामाला जातात, कोंबड्यांकडं बघायला येळ कुणाला?" पण आमच्या घरात माणसे ८ आहेत, भाडेकऱ्यांच्या खोल्या ४ आहेत आणि कोंबड्या पण ८ आहेत. त्या आम्ही कशा सांभाळतो ते मी सांगणार आहे. शेवटी एक महत्त्वाचे काम आहे, ते वाचल्याशिवाय कुणी जाऊ नका.

कामाची वाटणी

आमच्या पप्पांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. काका टेम्पो चालवतात, ते कधी येतील याचा नेम नसतो. आई आणि काकू कंपनीतल्या मुलांचे डबे करतात. त्या पहाटे चार वाजता उठतात. आबा राहिलेल्या शेतात जातात. मी आणि माझा भाऊ शाळेत येतो. म्हणून 'हे काम पप्पांचे' असे ठरवले तर पप्पांच्या रात्रपाळीच्या आठवड्यात कोंबड्या उपाशी राहतील.

म्हणून आम्ही काम माणसाला न देता वेळेला दिले आहे. कामे तीनच आहेत. सकाळी खुराडे उघडून पाणी आणि दाणे ठेवायचे. दुपारी अंडी गोळा करायची. संध्याकाळी कोंबड्या मोजून कडी लावायची. सकाळी आणि दुपारी जो घरात असेल त्याने काम करायचे आणि खुराड्याच्या दारावर खडूने रेघ मारायची. रेघ दिसली की काम झाले. रेघ नसली की आपण करायचे. त्यामुळे कुणी कुणाला विचारत बसत नाही.

संध्याकाळची मोजणी मात्र फक्त आजी करते. कारण दोघांवर सोपवले तर पहिल्याला वाटते दुसऱ्याने कडी लावली असेल आणि दुसऱ्याला वाटते पहिल्याने लावली असेल. मुंगसाला एक रात्र पुरते.

खुराडे

आमचे खुराडे पप्पांनी आणि आबांनी लाकडी पॅलेटचे केले आहे. पॅलेट म्हणजे कंपनीत ज्याच्यावर माल ठेवतात तो लाकडी पाट. तो भंगारवाल्याकडे मिळतो. पण कोणताही पॅलेट घेऊ नये. परदेशातून आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो. शिक्क्यात एच. टी. अशी इंग्रजी अक्षरे असली तर त्या लाकडातली कीड नुसत्या उष्णतेने मारलेली असते. तो चालतो. एम. बी. अक्षरे असली तर कीड मारायला विषारी वायू वापरलेला असतो. तो घेऊ नये आणि चुलीत पण जाळू नये. ज्याच्यावर तेल सांडलेले आहे तो पण नको.

रात्री झोपायला एका कोंबडीला सुमारे २ चौरस फूट जागा असावी. आमचे खुराडे ४ फूट लांब आणि ४ फूट रुंद आहे. ४ गुणिले ४ म्हणजे १६ चौरस फूट. १६ भागिले २ म्हणजे ८. म्हणून आम्ही ८ कोंबड्या ठेवतो. जास्त कोंबल्या तर त्या एकमेकींना टोचतात आणि रोग लवकर पसरतो.

खुराडे जमिनीपासून २ फूट उंच आहे, म्हणजे पावसाळ्यात खाली ओल येत नाही. दार पूर्वेला आहे, सकाळचे ऊन आत येते. खिडकीला अर्ध्या इंचाची जाळी मारली आहे. मोठ्या भोकाच्या जाळीतून उंदीर आणि मुंगसाचे पिल्लू पण शिरते. आत आडवी दांडी बांधली आहे, कारण कोंबडीला रात्री उंचावर बसायला आवडते. तिचे पूर्वज जंगलात झाडावर झोपत होते. खाली लाकडाचा भुसा घातला आहे. तो ओला झाला की बदलतो.

पाण्याचे भांडे

ताटलीत पाणी ठेवले तर कोंबड्या त्यात पाय घालतात आणि घाण करतात. म्हणून आम्ही मोठ्या बाटलीचे भांडे केले. बाटलीच्या तोंडाजवळ एक भोक पाडायचे. भोक ताटलीच्या काठापेक्षा खाली आले पाहिजे. भोकावर बोट ठेवून बाटली पाण्याने भरायची, बूच घट्ट लावायचे आणि ती उलटी करून ताटलीत उभी बांधायची. पाणी भोकातून येते आणि भोक बुडाले की आपोआप थांबते. कोंबडी पाणी प्याली की भोक उघडे पडते, बाटलीत हवेचा बुडबुडा जातो आणि तेवढेच पाणी खाली येते. हे हवेच्या दाबामुळे होते. हा प्रयोग तुम्ही घरी करून बघा. बाटली मात्र खाण्यापिण्याच्या वस्तूची घ्यावी, औषधाची किंवा ऑईलची घेऊ नये.

खाणे

कोंबडी तांदळाची कणी, बाजरी, मक्याचा भरडा, पालेभाजीचे देठ आणि किडे खाते. डब्यांचा उरलेला भात आणि भाकरीचे तुकडे आम्ही घालतो. पण बुरा आलेली भाकरी किंवा दाणे कधीच घालत नाही. बुरशीत विष असते, त्याने कोंबडी मरते. लोणचे आणि खारट पण घालू नये.

अंड्याचे कवच चुन्याच्या जातीच्या पदार्थाचे असते. म्हणून कोंबडीला शिंपल्याचा चुरा लागतो, नाहीतर अंडी पातळ कवचाची होतात. ती फुटली की कोंबडीला अंडे खायची सवय लागते.

आपल्याकडे एक धोका जास्त आहे. ओढ्याच्या कडेला कुणी कुणी कंपनीचा कचरा टाकतात. त्यात तेलाची फडकी, तारेचे तुकडे आणि थर्माकोल असतो. कोंबड्या थर्माकोलचे दाणे आवडीने खातात, पण ते पोटात पचत नाहीत. म्हणून आमच्या कोंबड्या जाळीच्या कुंपणातच फिरतात. कुंपणात एका कोपऱ्यात माती आणि चुलीची राख ठेवली आहे. कोंबड्या त्यात लोळतात. ती त्यांची आंघोळ आहे. त्याने अंगावरच्या उवा कमी होतात.

कोंबड्याचे काय करावे

आमच्या भाडेकऱ्यांपैकी दोन काका रात्रपाळी करतात आणि दिवसा झोपतात. कोंबडा फक्त पहाटे ओरडतो असे नाही, तो दिवसभर मधून मधून ओरडतो. ते काका म्हणाले, "आजी, झोप होत नाही, मग मशीनवर डुलकी लागते." मशीनवर डुलकी लागणे धोक्याचे असते. आणि ते खोली सोडून गेले तर आमचे भाडे जाईल. आजी म्हणाली, "कोंबड्याला गप बस म्हणून सांगता येतंय व्हय?"

खरेच सांगता येत नाही. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवले की, कोंबड्याच्या शरीरातच घड्याळ असते. त्याला सतत मंद उजेडात ठेवले तरी तो पहाटेच्या सुमाराला आरवतो.

पण पुष्कळ लोकांना एक गोष्ट माहीत नाही. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देते. फक्त त्या अंड्यातून पिल्लू निघत नाही. म्हणून आम्ही आमचे दोन्ही कोंबडे मामांच्या शेतावर दिले. खायची अंडी आमच्याच कोंबड्या देतात. पिल्ले काढायची असली की ज्यांच्याकडे कोंबडा आहे त्यांच्याकडून अंडी आणतो आणि आपली त्यांना देतो. भाडेकरू राहिले आणि कोंबड्या पण राहिल्या.

पिल्ले

कोंबडी खुडूक झाली की ती खुराड्यातून उठत नाही, पिसे फुगवते आणि हात लावला तर टोचते. तेव्हा तिच्याखाली १० ते १२ अंडी ठेवतात. अंडी धुऊ नयेत. कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात, त्यातून पिल्लाला हवा मिळते. धुतले तर त्यातून घाण आत जाते. कोंबडी चोचीने अंडी सारखी फिरवते, म्हणजे आतले पिल्लू कवचाला चिकटत नाही. सातव्या दिवशी अंधारात अंड्याला बॅटरी लावून बघावे. आत कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर पिल्लू आहे. नुसते स्वच्छ दिसले तर नाही. २१ दिवसांनी पिल्ले निघतात. आम्ही ११ अंडी ठेवली होती, त्यातली ८ पिल्ले निघाली आणि ७ जगली.

आई असलेल्या पिल्लांना ती पंखाखाली ऊब देते. विकत आणलेल्या एक दिवसाच्या पिल्लांना आई नसते. पुण्यात खडकीला सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. अशा केंद्राच्या पिल्लांना खोक्यात बल्ब लावून ऊब द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस लागते, मग दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी करावे. थर्मामीटर नसला तरी पिल्लेच सांगतात. बल्बखाली गर्दी केली तर थंडी वाजते आहे. लांब पळाली तर उकडते आहे. सगळीकडे पसरली तर बरोबर आहे.

मानमोडी

आता महत्त्वाची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आमच्या १४ कोंबड्यांपैकी ११ आठ दिवसांत मेल्या. आधी त्या गप्प बसल्या, मग हिरवट हगवण लागली, मग माना वाकड्या झाल्या. त्या वर्षी आम्ही अंडी विकत आणली आणि आजीने खुराड्याकडे बघायचे सोडले. राहिलेल्या ३ आणि ७ पिल्लांतल्या ५ तलंगा मिळून आता ८ झाल्या आहेत.

या रोगाला आपण मानमोडी म्हणतो. डॉक्टर त्याला राणीखेत म्हणतात. राणीखेत हे उत्तराखंडमधले गाव आहे. हा रोग विषाणूमुळे होतो. एकदा झाला की त्याला औषध नाही. हळद, लसूण, राख कशानेही तो जात नाही. पण तो होऊच नये म्हणून लस आहे. पिल्लू ५ ते ७ दिवसांचे झाले की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकतात. पुढे सुमारे आठव्या आठवड्यात कातडीखाली सुई देतात. लस निरोगी कोंबडीलाच देतात, रोग आल्यावर देऊन उपयोग नाही. लस थंड लागते. दवाखान्यातून बर्फाच्या थर्मासमध्ये आणावी लागते आणि बाटली एकदा कालवली की थोड्या वेळात संपवावी लागते.

अडचण इथेच आहे. एक बाटली साधारण १०० कोंबड्यांची असते. ८ कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? म्हणून लहान घरांच्या कोंबड्या लसीवाचून राहतात आणि एका घरातला रोग सगळ्या आळीत जातो.

आणखी एक. पुष्कळ कोंबड्या एकदम मेल्या तर त्यांना हात लावू नये, ओढ्यात फेकू नये, लगेच जनावरांच्या डॉक्टरांना कळवावे. २००६ साली आपल्या राज्यात नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला होता. तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. कोंबड्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत आणि अंडी चांगली शिजवून खावीत.

तुम्ही काय करायचे

मी आमच्या आळीतल्या ६ घरांतल्या मोठ्या कोंबड्या मोजल्या. ८, १२, ९, १५, ७ आणि १०. बेरीज ६१ झाली. १०० मधून ६१ गेले, ३९ राहिले. म्हणजे एकाच बाटलीत अजून ३९ कोंबड्यांना लस मिळेल. गुरुजी म्हणाले, १०० भरल्या की ते जनावरांच्या डॉक्टरांशी बोलतील आणि सगळ्यांना एकाच सकाळी लस देता येईल.

या भित्तिपत्रकाच्या खाली एक कोरा कागद लावला आहे. ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांनी आज घरी जाऊन मोजाव्यात. संध्याकाळी मोजा, तेव्हा त्या एका जागी असतात. उद्या कागदावर आपले नाव, मोठ्या कोंबड्या किती आणि पिल्ले किती ते वेगवेगळे लिहावे, कारण दोघांची लस वेगळी आहे. एकच कोंबडी असली तरी लिहा. लसीच्या दिवशी कोंबड्या सकाळी सोडू नका, डालग्याखाली ठेवा.

आजीने आमच्या ८ माझ्या आधीच लिहायला सांगितल्या आहेत.

– इयत्ता ४ थी