लाट कोणाच्या मालकीची?

समुद्राला मालक नसतो, असे आपण सहज बोलून जातो. परंतु ज्या पाण्याला मालक नाही त्यालाही पहारेकरी मिळतात. आणि एकदा का पहारा बसला की पाण्यात कोणी उतरायचे आणि काठावर कोणी उभे राहायचे, हे ठरू लागते. पाण्यावरचा पहारा म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनच वरकरणी श्रीमंतांची चैन वाटणाऱ्या एका खेळाकडे आम्ही आज लक्ष वेधू इच्छितो. हा खेळ म्हणजे सर्फिंग, अर्थात फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटेवर स्वार होणे. गेल्या दहा वर्षांत या खेळात मोठी उलथापालथ झाली आहे. लाट समुद्रातून उचलून भिंतीच्या आत आणली गेली आहे आणि तिला तिकीट लावले गेले आहे.

कृत्रिम लाट तशी नवी नाही. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात, टेंपी या शहरात १९६९ मध्येच लाटांचा तलाव सुरू झाला होता. पण त्या लाटेची समुद्राशी बरोबरी होत नव्हती. ती कसर भरून काढली केली स्लेटर या अकरा वेळा जगज्जेता ठरलेल्या सर्फरने. डिसेंबर २०१५ मध्ये त्याने जगाला एक चित्रफीत दाखवली. कॅलिफोर्नियातील लेमूर या गावी, समुद्रापासून सुमारे १६० किलोमीटर आत, शेतीच्या मुलखातील एका जुन्या तळ्यात हुबेहूब समुद्रासारखी, किंबहुना समुद्रापेक्षाही रेखीव लाट उठत होती. रुळावरून धावणारे एक अवजड यंत्र पाण्यात बुडालेले पाते ओढत नेते, पाते पाणी लोटते आणि तळाला दिलेल्या विशिष्ट उतारावर ती लाट फुटते. पुढच्याच वर्षी जागतिक सर्फिंग लीगने या कंपनीतील मोठा हिस्सा विकत घेतला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तेथे जागतिक मालिकेतील स्पर्धाही भरवली. आज ब्रिस्टल, मेलबर्न, म्युनिक, अबू धाबी अशा अनेक ठिकाणी असे तलाव उभे आहेत.

आता प्रश्न असा, की यात बिघडले कुठे? त्याचे उत्तर देण्यापूर्वी समुद्राचे खोटे गोडवे गाण्याचा मोह आम्ही टाळतो. 'पूर्वी लाट सर्वांची होती, आता बाजाराने ती नासवली' असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही.

सर्फिंगची जन्मभूमी असलेल्या हवाई बेटांवर राजा-प्रजा, स्त्री-पुरुष सारेच लाटेवर स्वार होत. तरीही तेथे 'कापू' नावाची निषेधांची व्यवस्था होती. काही लाटा सरदारांसाठी राखीव होत्या आणि 'ओलो' ही लांबलचक फळीही त्यांचीच. सामान्य माणसाने त्या लाटेवर जाणे हा गुन्हा होता. १८१९ मध्ये दुसरा कामेहामेहा हा राजा स्त्रियांच्या पंक्तीला बसून जेवला आणि ही कापू व्यवस्था मोडीत निघाली. सहभोजनाने एक निषेधव्यवस्था कोसळल्याचा हा दाखला आमच्या वाचकांनी जरूर लक्षात ठेवावा. पुढे १८९३ मध्ये तेथील राजसत्ता उलथवली गेली आणि १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे आपल्यात सामील करून घेतली. १९०८ मध्ये वाइकिकीच्या किनाऱ्यावर प्रामुख्याने गोऱ्यांचा क्लब निघाला. तेव्हा ड्यूक काहानामोकू आणि त्याच्या मूळनिवासी साथीदारांना 'हुई नालू' हा आपला वेगळा क्लब काढावा लागला. हाच ड्यूक १९१२ मध्ये ऑलिंपिकचे जलतरणातील सुवर्णपदक घेऊन आला आणि त्यानेच सर्फिंग जगभर नेले.

दक्षिण आफ्रिकेत १९५३ च्या कायद्याने सार्वजनिक सोयी वर्णाप्रमाणे वेगळ्या केल्या. डर्बनचे किनारेही वाटले गेले. चांगल्या लाटांचे किनारे गोऱ्यांकडे राहिले. सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी हवाईचा नामांकित सर्फर एडी आयकाऊ तेथे स्पर्धेसाठी गेला, तर त्याच्या वर्णामुळे त्याला हॉटेलात खोली नाकारण्यात आली. अमेरिकेतही वेगळे घडले नाही. कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे १९१२ मध्ये ब्रूस या कृष्णवर्णीय कुटुंबाने जागा घेऊन आपल्या लोकांसाठी विश्रामस्थळ काढले. १९२४ मध्ये नगरपालिकेने बागेचे निमित्त पुढे करून ती जागा संपादित करण्याची कारवाई केली. त्या कुटुंबाच्या वारसांना ती परत मिळाली २०२२ मध्ये! जवळजवळ शंभर वर्षांनी! कायद्याचा वापर हिसकावून घेण्यासाठी किती झटपट होतो आणि परत देताना तोच कायदा किती संथ चालतो, हे आम्हा वकिलांना कोणी सांगायला नको.

शिवाय कोणताही कायदा नसताना चालणारी दादागिरी निराळीच. 'ही लाट आम्हा गाववाल्यांची' असे म्हणत बाहेरच्यांना हुसकावणाऱ्या टोळ्या अनेक किनाऱ्यांवर होत्या आणि आहेत. कॅलिफोर्नियातील लुनाडा बे येथील अशा टोळीविरुद्ध २०१६ मध्ये न्यायालयात दावा दाखल झाला आणि कड्याखाली तिने बांधलेला दगडी अड्डा त्याच वर्षी पाडावा लागला.

या पार्श्वभूमीवर तलावाचे काही गुण मान्य केले पाहिजेत. तलावात गावगुंड नाही. प्रत्येकाचा क्रम ठरलेला असतो. नवशिक्या मुलीला कोणी धक्का मारून मागे सारत नाही. समुद्रात पाऊल टाकणे ज्यांना अवघड, अशा अपंग सर्फरांच्या स्पर्धा ब्रिस्टलच्या तलावात झाल्या आहेत. जी गोष्ट माणसाला भीतीशिवाय पाण्यात उतरू देते, तिला आम्ही नाके मुरडणार नाही.

पण येथेच मुख्य मुद्दा येतो. पहारेकरी गेला नाही, फक्त बदलला. पूर्वी तो वर्ण विचारत होता, गाव विचारत होता. आता तो पाकीट विचारतो. कायद्याच्या भाषेत सांगायचे तर हक्क वेगळा आणि परवाना वेगळा. आपल्याकडच्या १८८२ च्या ईझमेंट ॲक्टमध्येही हा फरक स्पष्ट आहे. तिकीट घेऊन आत जाणारा माणूस मालकाच्या परवानगीने आत असतो. ती परवानगी मुदतीची आणि सामान्यतः मागे घेता येणारी. ज्याला मुळात परवानगीच मिळाली नाही, त्याला दाद मागायला फारशी जागा नाही. याउलट कॅलिफोर्नियाच्या संविधानाने आणि १९७६ च्या किनारा कायद्याने समुद्राकडे जाण्याची वाट लोकांसाठी खुली ठेवण्याचे बंधन घातले आहे. म्हणूनच भारतीय वंशाचे अब्जाधीश विनोद खोसला यांनी किनाऱ्याची जमीन विकत घेऊन मार्टिन्स बीचच्या वाटेचे फाटक बंद केले, तेव्हा सर्फरांची संघटना न्यायालयात गेली आणि जिंकली. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खोसलांचे अपील ऐकण्यास नकार दिला. समुद्राच्या वाटेसाठी असा दावा लावता आला. लेमूरच्या तलावाच्या फाटकासाठी कोणत्या कायद्याखाली दावा लावणार?

ब्राझीलचे उदाहरण फार बोलके आहे. तेथील इटालो फेरेरा हा मासे विकणाऱ्या बापाचा मुलगा. फळी घ्यायला पैसे नव्हते, म्हणून मासे ठेवण्याच्या थर्माकोलच्या खोक्याच्या झाकणावर तो लाटा पकडायला शिकला. टोकियो ऑलिंपिकमध्ये सर्फिंगचा प्रथमच समावेश झाला. ती स्पर्धा २०२१ मध्ये समुद्रातच झाली आणि पहिले सुवर्ण या इटालोने जिंकले. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये अबू धाबीच्या कृत्रिम लाटेवरही तोच जिंकला. म्हणजे तलावातील लाट गरिबाच्या मुलाला जमत नाही असे नाही. पण तो घडला खुल्या समुद्रावर, फुकटच्या लाटेवर. त्याच ब्राझीलमध्ये साओ पावलो राज्यात २०२१ साली लाटांचा तलाव उघडला, तो कुठे? उच्चभ्रूंच्या बंदिस्त वसाहतीत. त्या भिंतीच्या आत झाकण घेऊन कोणता इटालो जाणार?

आपल्या देशातही हेच दिसते. तामिळनाडूतील कोवलम येथे मूर्ती मेगावन या मच्छीमाराने कोळीवाड्यातील मुलांना लाटेवर उभे केले. देशातील आघाडीचे सर्फर मोठ्या संख्येने याच कोळी वस्त्यांतून येतात. तेथे वडिलांची होडी आणि मुलाची फळी एकाच वाळूवर ठेवलेली असते. उद्या सराव, निवड आणि स्पर्धा तलावात गेल्या, तर या मुलांचे काय?

आणखी एक हिशेब पाण्याचा. हे तलाव कोट्यवधी लिटर पाणी मागतात, आणि त्यातील काही थेट वाळवंटात उभे राहत आहेत. कॅलिफोर्नियातील ला किंटा येथे असाच प्रकल्प आला तेव्हा दुष्काळाने गांजलेल्या रहिवाशांनी विरोध केला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नगर परिषदेने जमीन वापरातील बदल नाकारला. आरोग्याचा प्रश्नही हलका नाही. २०१८ मध्ये टेक्सासमधील वेको येथील तलावात सर्फिंग करून गेलेला एक तरुण मेंदू पोखरणाऱ्या अमीबामुळे मरण पावला. त्यानंतर तो तलाव बंद ठेवून तेथे शुद्धीकरण यंत्रणा बसवावी लागली.

आमचे म्हणणे तलाव बुजवा असे नाही. यंत्राने लाट निर्माण करणे ही माणसाच्या बुद्धीची कमाई आहे आणि बुद्धीचा आम्ही आदरच करतो. आमचे म्हणणे एवढेच, की जेथे असा तलाव सार्वजनिक पाणी, सार्वजनिक जमीन किंवा सरकारी सवलत घेतो, तेथे परिसरातील मजुरांच्या आणि कोळ्यांच्या मुलांसाठी ठरावीक वेळ राखून ठेवण्याची अट परवान्यातच लिहिली गेली पाहिजे. ती मालकाच्या मेहेरबानीवर सोडता कामा नये. आणि तलाव झाला म्हणून किनाऱ्याची एकही वाट बंद होता कामा नये. सरदाराची राखीव लाट १८१९ मध्ये गेली. ती तिकिटाच्या रूपाने परत येत असेल, तर तिच्याविरुद्ध आवाज उठवण्याची वेळ फाटक बसण्याआधीची असते. फाटक बसल्यावर उरते ती न्यायालयाची पायरी, आणि ती शंभर वर्षे चढावी लागते!