नव्या फरशीवरील डाग : घाई नको, पारख हवी

वरणगावात नव्या घराची वास्तुशांती आटोपते आणि मकराण्याच्या शुभ्र संगमरवरावर पिवळसर छटा, सांध्यांत पांढरा लोणा दिसू लागतो. दोष दगडाचा की कारागिराचा, हा वाद तेथूनच सुरू होतो.

नखाला न अडकणारी रेघ बहुधा दगडाची नैसर्गिक शीर असते; नख अडकले तर चीर समजावी. लोणा म्हणजे खालच्या सिमेंटमधून ओलाव्याबरोबर वर आलेले क्षार. तो कोरड्या ब्रशाने झाडावा. पिवळेपणा अनेकदा दगडातील लोहाला ओल लागल्याने येतो. त्यावर अ‍ॅसिड कदापि ओतू नये. संगमरवर व कोटा हे चुन्याच्या जातीचे दगड असल्याने त्यांची झिलई उडते.

पॉलिश ओल सुकल्यावरच करावे. शेवटचा हप्ता केव्हा द्यायचा, हे काम सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरवावे. त्यामुळे कारागिराची मजुरी बुडत नाही आणि घराची शोभाही टिकते.