कुत्र्याची धाप आणि वैशाखातले ऊन

माणसाच्या अंगभर घर्मग्रंथी असतात; कुत्र्याच्या घर्मग्रंथी मात्र प्रामुख्याने पंजांच्या गाद्यांपुरत्याच असल्याने घामाने अंग निवण्याची सोय त्याला जवळजवळ नसते, आणि म्हणून जीभ बाहेर काढून जलद, उथळ श्वास घेत, म्हणजेच धापा टाकत, तोंडातल्या व श्वसनमार्गातल्या ओलाव्याच्या वाफेवाटे तो शरीरातील उष्णता बाहेर टाकतो. त्याचे स्वाभाविक तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. उन्हामुळे ते ४१ अंशांच्या पुढे गेले, की उष्माघात, म्हणजे तापमान राखणारी यंत्रणाच कोलमडण्याची अवस्था, ओढवतो आणि मेंदू, मूत्रपिंडे व आतडी यांना इजा होऊ लागते.

सारी भिस्त बाष्पीभवनावर असल्यामुळे नुसता पारा पाहून धोका जोखता येत नाही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे तापमान ४५ अंशांपर्यंत चढते, तरी कोरड्या हवेत धाप आणि कूलर दोन्ही काम देतात, फक्त अंगातले पाणी झपाट्याने घटते. उलट मुंबई-कोकणात ३४-३५ अंशांनाच दमट हवा धाप निष्प्रभ करते आणि बंद खोलीतला कूलर दमटपणात भरच घालतो, म्हणून तेथे पंखा व खेळती हवा अधिक मोलाची. पग, बुलडॉग अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचा श्वसनमार्ग मुळातच अरुंद असतो. केवळ हौसेपोटी असा प्राणी आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणणे हा त्याच्यावर अन्यायच होय.

डांबरी रस्ता सूर्यास्तानंतरही बराच वेळ तापलेला राहत असल्याने फिरण्यास पहाट उत्तम, आणि तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता येत नसेल, तर तो रस्ता पंजांनाही सोसणार नाही.

दाट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या, उलट्या ही लक्षणे दिसताच दवाखान्याकडे धावण्याआधी कुत्र्याला सावलीत घेऊन अंगावर गार पाणी ओतत राहावे व पंखा लावावा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये, कारण तो लवकरच तापतो आणि उष्णता कोंडून धरतो. पॅरासिटामॉल अजिबात देऊ नये, कारण उष्माघात हा जंतुसंसर्गाचा ताप नसल्याने ते येथे निरुपयोगी असते आणि मांजराला तर त्याची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. कुत्रा उठून उभा राहिला तरी त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे, कारण मूत्रपिंडांची हानी आणि रक्त गोठण्यातील बिघाड पुष्कळदा काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी उघड होतात.