तांबी बसवल्यावर पाळी जास्त का जाते?

बाळंतपणानंतर आपल्या अनेक आयाबहिणी तांबी बसवून घरी येतात. पाळी सुरू झाली की अंगावरून जास्त जाते, ओटीपोटात कळा येतात. मग कानावर येते : पिशवी सडली, तांबी काळजात चढली. कुणी घाबरून दुसऱ्याच महिन्यात ती काढते, तर कुणी वर्षानुवर्षे मुकाट सोसते. म्हणून खरे काय ते समजून घेऊ.

तांबीवर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. तांब्यामुळे पुरुषबीज निकामी होते आणि गर्भ राहत नाही. पण त्यानेच पिशवीच्या अस्तराला थोडी सूज येते, म्हणून रक्त आणि कळा वाढतात. पहिले ३ ते ६ महिने हा त्रास जास्त असतो, मधेच डागही दिसतात. पुढे बहुतेकींचा त्रास कमी होतो. पिशवी सडत नाही आणि तांबी काळजात जात नाही.

तरीही दुर्लक्ष नको. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. त्यात दर महिन्याला जास्त रक्त गेले, तर थकवा, चक्कर, धाप ठरलेलीच. म्हणून तांबी बसवण्याआधी आणि नंतरही हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ते १२ च्या खाली असेल तर आशाताईंकडून लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. गोळी चहासोबत घेऊ नये, लिंबूपाण्यासोबत चांगली लागू पडते.

हार्मोनच्या तांबीचे उलटे आहे. ती अस्तर पातळ ठेवते. सुरुवातीला अधूनमधून डाग दिसतात, पुढे पाळी कमी होते, काहींची थांबतेही. रक्त साचून राहत नाही, त्यामुळे घाबरू नये. मात्र ही तांबी महाग असते.

पुढीलपैकी काही झाले तर लगेच दवाखाना गाठावा :
- तासा-दोन तासाला पॅड किंवा कापड भिजणे, मोठ्या गाठी पडणे
- पाळी ८ दिवसांहून जास्त चालणे
- ताप, घाण वासाचा स्राव, पोटात असह्य दुखणे
- पाळी चुकणे
- तांबीचा दोरा हाताला न लागणे

दोरा स्वतः ओढू नये. त्रास सोसवत नसेल तर मुदत संपण्याआधीही तांबी काढून मागता येते. ‘अजून १० वर्षे व्हायचीत’ असे कुणी म्हटले तरी हटू नये. काढल्यावर दिवस राहू शकतात, म्हणून दुसरे साधन त्याच वेळी विचारून घ्यावे. सरकारी केंद्रात मोफत मिळणाऱ्या छाया गोळीने पाळी उशिरा आणि कमी येते, त्यामुळे रक्त कमी असलेल्या बहिणींना ती सोयीची पडते.

१९३८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला होता. तो फेटाळला गेला. आज साधने दारात आली आहेत. ती वापरताना आपल्या अंगातले रक्त जपणे आणि डॉक्टरांना न लाजता प्रश्न विचारणे हे आपल्याच हाती आहे. नवऱ्यांनीही हे पान वाचावे आणि तपासणीला सोबत जावे.